स्पेकल्ड ट्राऊट आणि फ्लाय रॉड : नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची

ह्यूस्टन, कॉर्पस ख्रिस्ती, अगदी ऑस्टिन-सॅन अँटोनियोकडे नोकरीनिमित्त आलेली बरीच मराठी मंडळी मासे गरवायची हौस सोबत घेऊनच येतात. लहानपणी खाडीवर गळ टाकलेला असतो, भरती-ओहोटी कळते, गळाला कोलंबी कशी लावायची ते हाताला माहीत असतं. मग गॅल्व्हस्टनला गेल्यावर कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लांबलचक दोरी हवेत मागे-पुढे नेताना दिसतं आणि वाटतं हे फ्लाय फिशिंग म्हणजे काय प्रकरण आहे, आपल्याला जमेल का. जमतं. थोडी प्रॅक्टिस लागते एवढंच, आणि खाडी ओळखणाऱ्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. दुकानात गेलात की भिंतभर रंगीत फ्लाय, म्हणजे गळावर केस, दोरा, चमकी बांधून केलेली खोटी आमिषं, टांगलेल्या दिसतील, गुलाबी, जांभळ्या, चमचमणाऱ्या, आणि नवीन माणूस रंग निवडण्यात अडकतो. स्पेकल्ड ट्राऊट, म्हणजे इथल्या खाड्यांतला ठिपक्यांचा मासा, त्याच्या बाबतीत रंग नंतर, आधी खोली. मासा ज्या थरात उभा आहे त्या थरातून, त्याच्या थोडंसं वरून तुमची फ्लाय गेली पाहिजे. म्हणून माझं म्हणणं असं की पहिल्या वर्षी एकच फ्लाय बांधायला शिका, पण ती तीन वजनांत बांधा. दहा प्रकारच्या फ्लाय एकाच वजनात बांधण्यापेक्षा याचा कितीतरी पट जास्त उपयोग होतो.

आधी मासा समजून घ्या

स्पेकल्ड ट्राऊटला इथे सगळे स्पेक किंवा नुसतं ट्राऊट म्हणतात, पण थंड पाण्याच्या ओढ्यातल्या ट्राऊटशी याचं काही नातं नाही. हा आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातला मासा आहे, त्यांच्यासारखाच पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून घुमल्यासारखा आवाज काढतो. उन्हाळ्यात संध्याकाळी विणीच्या वेळी नर एकत्र जमून असा आवाज करतात. अंगावर वरच्या बाजूला, पाठीच्या पंखावर आणि शेपटीवर काळे गोल ठिपके, तोंडाचा आतला भाग पिवळसर, आणि वरच्या जबड्यात पुढे एक किंवा दोन सुळे. बोट घालू नका.

याची ओठांजवळची कातडी फार पातळ असते, याच्या एका चुलतभावाला तर इथे वीकफिशच म्हणतात. जोरात हिसका दिला की कातडी फाटून गळ बाहेर येतो. हे डोक्यात ठेवा, पुढे फ्लाय ओढण्याबद्दल सांगेन तेव्हा लागेल.

लहान असताना हा मुख्यतः कोलंबी खातो, मोठा झाला की बोयसारखे मासे, पिनफिश वगैरे. मोठे मासे जवळजवळ सगळे मादी असतात, वीस इंचांच्या वर नर क्वचितच जातो. हा अटलांटिक किनाऱ्यावर केप कॉडपासून खाली फ्लोरिडा आणि तिथून मेक्सिकोच्या आखातभर सापडतो, पण मी इथे टेक्सासबद्दलच लिहितेय कारण पाणी ओळखीचं असेल तरच सांगण्यात अर्थ आहे. आणि टेक्सासचा स्पेकल्ड ट्राऊटचा रेकॉर्ड फ्लाय रॉडवरचा आहे हे नवीन लोकांना आवर्जून सांगावंसं वाटतं. २००२ साली बड रोलंड यांनी लोअर लगुना माद्रेमध्ये १५.६ पाउंडांचा, ३७ इंचांहून लांब मासा फ्लायवर पकडला आणि पाण्यात परत सोडला. म्हणजे फ्लाय रॉड हा काही छोट्या माशांचा खेळ आहे असं समजू नका.

लायसन्स आणि नियम

हे पहिल्यांदा करा. टेक्सासमध्ये फिशिंग लायसन्स हवं आणि त्यावर सॉल्टवॉटर एंडोर्समेंट हवी, नुसतं गोड्या पाण्याचं लायसन्स घेऊन खाडीत उतरलात तर दंड होतो. सतरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. वार्षिक लायसन्स सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपतं, त्यामुळे जुलैमध्ये घेतलं तर दीड-दोन महिनेच मिळतात, घेताना बघून घ्या.

२०२४ पासून टेक्सासमध्ये दिवसाला ३ स्पेकल्ड ट्राऊट ठेवता येतात, लांबी १५ ते २० इंच. त्याहून मोठा ठेवायचा तर टॅगचा वेगळा नियम आहे. लुईझियानात २०२३ च्या नोव्हेंबरपासून १५ मासे, कमीत कमी १३ इंचांचे, आणि त्यातले फक्त दोनच वीसच्या वरचे. दोन्ही राज्यांच्या सीमेवरच्या सबाइन लेकच्या बाजूला राहणाऱ्यांनी कुठल्या राज्याच्या पाण्यात आहोत ते नीट बघायचं. नियम बदलत असतात, दर सप्टेंबरला टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या अ‍ॅपवर एकदा नजर टाका. मासा मोजताना तोंड बंद, शेपटी चिमटीत मिटलेली, आणि पट्टी सरळ, पोटावरून वळवायची नाही.

हे नियम कडक झाले त्यामागे मोठं कारण आहे. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत टेक्सासच्या किनाऱ्यावर कमीत कमी ३८ लाख मासे मेले, त्यात ट्राऊटला फार मोठा फटका बसला, सगळ्यात जास्त लोअर लगुना माद्रेमध्ये. उथळ खाड्यांत पाणी पटकन गार होतं आणि माशाला खोल पाण्यात जायला वेळच मिळत नाही. म्हणून मोठी मादी मिळाली की फोटो काढून सोडून द्या असं मी सगळ्यांना मनापासून सांगते, एकेक मोठी मादी एका सीझनमध्ये अनेकदा अंडी घालते.

सामान काय घ्यायचं

रॉड ९ फुटांचा, ७ किंवा ८ वेटचा (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा नंबर). एकच घ्यायचा असेल तर ८ घ्या, कारण इथे किनाऱ्यावर वारा कायम असतो आणि त्याच पाण्यात रेडफिशही असतात. फ्लाय फिशिंगमध्ये फ्लायला जवळजवळ वजन नसतं, फेकली जाते ती लाईन आणि फ्लाय तिच्यामागून जाते, त्यामुळे रॉडचा नंबर आणि लाईनचा नंबर जुळलाच पाहिजे. लाईन वेट-फॉरवर्ड फ्लोटिंग, म्हणजे पुढचा भाग जड असलेली आणि तरंगणारी, आणि गरम पाण्यासाठी बनवलेली. थंड पाण्याची लाईन ऑगस्टच्या उन्हात लिबलिबीत होते आणि रॉडच्या कड्यांना चिकटते. नंतर कधी पैसे असतील तर हळू बुडणारी, म्हणजे इंटरमीजिएट लाईन जास्तीच्या स्पूलवर ठेवा, हिवाळ्यात खोल पाण्यासाठी कामाला येते.

रीळ खाऱ्या पाण्याचं, सीलबंद ड्रॅगचं (ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक). त्यावर लाईनच्या मागे २० पाउंडांचं बॅकिंग, म्हणजे जास्तीची बारीक दोरी, शंभर-दीडशे यार्ड. ट्राऊट स्वतः इतकी दोरी ओढत नाही पण जॅक क्रेव्हालसारखा ताकदवान मासा लागला तर ओढतो.

लीडर, म्हणजे लाईन आणि फ्लाय यांच्यामधला निमुळता होत जाणारा दोरा, घरीच बांधा, सोपं आहे. साडेचार फूट ४० पाउंड, पुढे दोन फूट ३० पाउंड, आणि शेवटी अडीच-तीन फूट १६ किंवा २० पाउंड. फ्लाय बांधताना घट्ट गाठ नको, लूप नॉट मारा, म्हणजे गळाच्या नेढ्यात दोरा सैल राहतो आणि फ्लाय मोकळी हलते. जड डोळ्यांच्या फ्लायला तर याने खूपच फरक पडतो.

पोलराइज्ड गॉगल, टोपी, पाण्यात चालायचे जाड तळाचे बूट, कमरेला स्ट्रिपिंग बास्केट. बास्केट नवीन लोक टाळतात, मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण ओढलेली लाईन पाण्यात सोडली की गवतात अडकते, प्रवाहाने पायाभोवती गुंडाळते आणि पुढची फेक आखूड पडते.

फ्लाय बांधायची : क्लाउझर

जी एक फ्लाय शिकायची ती क्लाउझर मिनो. पेन्सिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात ससक्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बाससाठी बांधली, नामवंत फ्लाय फिशर लेफ्टी क्रे यांनी तिचं नाव केलं आणि आज ती जगभर खाऱ्या पाण्यात चालते. हिचं वैशिष्ट्य म्हणजे गळाच्या दांडीवर धातूचे डंबेलसारखे डोळे बांधलेले असतात, त्या वजनाने फ्लाय उलटी होते, गळाचं टोक वर राहतं, त्यामुळे गवतात आणि कालवांच्या खडकात कमी अडकते. आणि ओढली की वर, थांबलं की तोंड खाली करून बुडते. ट्राऊट बहुतेक वेळा ती बुडत असतानाच धरतो.

सामान : एक वाइस (गळ पकडून ठेवणारा शिकंजा), बॉबिन (दोऱ्याची रिळी धरायला), बारीक टोकाची कात्री, मजबूत दोरा (२१० डेनियरचा फ्लॅट वॅक्स्ड नायलॉन छान), स्टेनलेस गळ २ नंबर आणि १ नंबर (मस्टाड ३४००७ स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतो), पांढरी बकटेल, हिरवट-पिवळी म्हणजे शार्टरूज रंगाची बकटेल, थोडी क्रिस्टल फ्लॅश (चमकदार बारीक तंतू), डोळे, आणि हेड सिमेंट किंवा नेलपॉलिश. बकटेल म्हणजे हरणाची शेपटी. हिच्या बुडाकडचे केस पोकळ असतात, दोरा आवळला की ते झाडूसारखे पसरतात, म्हणून टोकाकडच्या दोन तृतीयांश भागातलेच केस घ्यायचे.

आता बांधायला घ्या. गळ वाइसमध्ये पकडा, टोक खाली, दांडी आडवी. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाका, मासा सोडायला सोपं जातं आणि स्वतःच्या कानात घुसला तर काढायलाही. नेढ्याच्या थोडं मागून दोरा गुंडाळायला सुरू करा आणि दांडीच्या अर्ध्यापर्यंत न्या, गुळगुळीत धातूवर डोळे फिरतात, दोऱ्याच्या थरावर फिरत नाहीत.

नेढ्यापासून दांडीच्या एक तृतीयांशावर डोळे वरच्या बाजूला आडवे ठेवा. इथे घाई करू नका. आधी तिरके वेढे एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, पंधरा-वीस तरी. मग डोळ्यांच्या खाली आणि दांडीच्या वर, आडवे गोल वेढे, याने आधीचे सगळे वेढे आवळले जातात. डोळे बोटाने फिरवून बघा, हलले तर परत आवळा. एक थेंब सुपर ग्लू. डोळे नेढ्याच्या फार जवळ बांधले तर पुढे केस बांधायला जागाच राहत नाही आणि डोकं जाडजूड होऊन नेढं बुजतं, म्हणून ही एक तृतीयांश जागा पाळा.

आता पांढरे केस. आगकाडीच्या जाडीएवढे, त्याहून जास्त नाही. बुडाला धरून आखूड केस आणि लव विंचरून काढून टाका. लांबी दांडीच्या दोन ते अडीच पट. नेढं आणि डोळे यांच्यामधल्या जागेत बुडखे बांधा, मग केस डोळ्यांच्या मधल्या खाचेतून मागे न्या आणि डोळ्यांच्या मागे चार-पाच वेढ्यांनी दाबा. बुडखे तिरके कापा म्हणजे डोकं निमुळतं होतं.

वाइसमध्ये गळ उलटा करा, आता टोक वर. क्रिस्टल फ्लॅशच्या सहा-आठ काड्या डोळ्यांच्या पुढे बांधा, केसांपेक्षा किंचित लांब ठेवा. त्यावर शार्टरूज केस, तेवढेच पातळ, तेवढेच लांब, हे डोळ्यांच्या पुढेच बांधायचे, मागे दाबायचे नाहीत, ते गळाच्या टोकाच्या दोन्ही बाजूंनी मोकळे मागे जातात. दोऱ्याने छान निमुळतं डोकं करा, व्हिप फिनिश ही शेवटची गाठ मारा, सिमेंट लावा, झालं.

नवीन माणसाच्या क्लाउझरमध्ये केस नेहमीच जास्त असतात. घरात बघायला भरगच्च छान वाटते, पाण्यात ती बुडत नाही आणि हलतही नाही. फ्लाय उजेडासमोर धरून केसांमधून पलीकडचं दिसलं पाहिजे. ओली केल्यावर अगदीच किडकिडीत वाटली तर बरोबर बांधलीय.

आता ती तीन वजनं. पहिली बीड-चेन डोळ्यांची, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी स्टीलच्या मण्यांची साखळी, दोन मणी कापले की एक जोडी. ही गुडघाभर पाण्यात, गवताच्या वरून चालवायला. दुसरी १/५० औंसच्या डोळ्यांची, मांडी ते कमरेएवढ्या पाण्याला, सगळ्यात जास्त वापरली जाते ती हीच. तिसरी १/२४ औंसची, चॅनलच्या कडा, जेटी, हिवाळ्यातले खोल खड्डे. पेटीत तिन्ही सारख्याच दिसतात, म्हणून डोक्याच्या दोऱ्याचा रंग वेगळा ठेवा, हलकीला पांढरा, मधलीला लाल, जडला काळा, म्हणजे अंधारात हेडलॅम्पच्या उजेडातही कळतं. प्रत्येकीच्या पाच-सहा करा. जड फ्लाय फेकताना लाईनचा फेरा मोठा आणि सावकाश ठेवा, डोकं जरा खाली, रॉडला लागली तर ग्राफाइट तडकतं.

रंगांचं म्हणाल तर पांढरा-शार्टरूज पुरे. पाणी गढूळ किंवा पहाटेचा अंधार असेल तर काळी-जांभळी, कोलंबी भरपूर असेल तर तपकिरी-पांढरी. बस.

यासोबत पाण्यावर तरंगणारी एक फ्लाय असावी, कारण उन्हाळ्यात पहाटे मासा वरच्या थरात असतो आणि तिथे क्लाउझरचा उपयोग नाही. गर्गलर बांधा, बॉस्टनच्या जॅक गार्टसाइड यांची ही फ्लाय एकदम सोपी आहे. शेपटीला थोडी बकटेल, दांडीच्या मागच्या बाजूला २ मिलिमीटर फोमची पट्टी बांधा, अंगाला चमकदार शनील गुंडाळा, फोम पुढे दुमडून नेढ्यामागे बांधा आणि पुढे छोटा ओठ उभा सोडा. ओढली की तो ओठ पाण्याला फटकारतो आणि गुळगुळ आवाज होतो. पांढरी करा, फोम दिसायला सोपा.

फेकणं

पाण्यावर जायच्या आधी घराजवळच्या मैदानात लीडरच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून सराव करा, रोज पंधरा-वीस मिनिटं, एकदम दोन तास नाही. चाळीस फूट स्वच्छ फेक जमली की मासे मिळतात. मागची फेक पूर्ण सरळ होईपर्यंत थांबा, मान वळवून बघा सरळ झाली का, मगच पुढे न्या. डाव्या हाताने लाईनला झटका द्यायचा तो डबल हॉल नंतर शिका, पण शिका, कारण टेक्सासच्या किनाऱ्यावर आग्नेयेचा वारा उन्हाळाभर असतो.

वारा उजव्या खांद्यावरून येत असेल तर फ्लाय तुमच्या डोक्याकडे येणार. तेव्हा पाठ फिरवून उभं राहा आणि मागच्या फेकीने फ्लाय पाण्यावर सोडा. गॉगल कधीही काढायचा नाही, ढग असले तरी.

जागा कशी शोधायची

ह्यूस्टनवाल्यांना गॅल्व्हस्टन आयलंड स्टेट पार्कची खाडीकडची बाजू सुरुवातीला सगळ्यात सोयीची, गाडी लावून चालत पाण्यात जाता येतं. त्याच्या थोडं खाली ख्रिसमस बे, तिथे समुद्री गवत आहे. रॉकपोर्ट-अरान्सास भागात कयाक असेल तर पोर्ट अरान्सासजवळची लाइटहाउस लेक्स छान. आणि दक्षिणेला लगुना माद्रे, जिथलं पाणी समुद्रापेक्षाही खारट आणि बऱ्याचदा इतकं स्वच्छ की मासा आधी दिसतो. गवत उपटणं टेक्सासमध्ये २०१३ पासून बेकायदा आहे, रेडफिश बेमध्ये तर २००६ पासूनच, हे मोटरबोटीच्या पंख्यांबद्दल आहे, पण चालतानाही गवत तुडवत जाण्यापेक्षा वाळूतून जा.

आपल्याकडच्या मोठ्या भरतीची सवय असेल तर इथे गोंधळायला होतं, कारण या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक फूट-दोन फूटच. वारा पाणी जास्त हलवतो. हिवाळ्यात उत्तरेचा वारा आला की खाडी रिकामी होते आणि तक्त्यात काहीही लिहिलेलं असो, पाणी खालीच राहतं. पण तत्त्व तेच आहे जे खाडीवर वाढलेल्या माणसाला माहीत असतं : पाणी हललं पाहिजे. ओहोटीला दलदलीच्या नाळ्यांच्या तोंडाशी उभं राहा, आतली कोलंबी आणि बारीक मासळी तिथून बाहेर ओढली जाते. भरतीला गवताच्या कडा आणि कालवांच्या रीफची खोल बाजू बघा. गवतात मध्येमध्ये फिकट वाळूचे गोल खड्डे दिसतात, ट्राऊट त्यांच्या काठावर दबा धरून असतो, फ्लाय खड्ड्याच्या पलीकडे टाकून त्यावरून आणायची.

बोय दिसतेय का हे पहिल्यांदा बघा. नुसती संथ उडी मारणारी बोय नाही, घाबरून एकदम फुटणारी. बोय नसेल तर तिथे वेळ घालवू नका. दुसरी खूण म्हणजे स्लिक, पाण्यावर अचानक उमटणारा तेलकट, गुळगुळीत चकचकीत तुकडा. खालचे ट्राऊट तेलकट मासे खाऊन ओकतात त्याचं ते तेल असतं आणि त्याला चक्क कलिंगडाचा वास येतो. वास आला की वारा जिकडून येतोय तिकडे बघा, तुकडा छोटा असेल तर नवीन आहे, त्याच्या वाऱ्याकडच्या टोकाला फेका. शरद ऋतूत कोलंबी दलदलीतून बाहेर पडते तेव्हा सीगल एका जागी घिरट्या घालून पाण्यावर झडप घालतात, खाली ट्राऊट कोलंबीला वर ढकलत असतात. तिथे मासे छोटे असतात पण नवीन माणसाला हात बसवायला याच्याइतकी चांगली शाळा नाही.

रात्री धक्क्यांवरचे हिरवे-पांढरे दिवे बघा. उजेडात बारीक मासळी जमते आणि ट्राऊट उजेड-अंधाराच्या सीमेवर अंधाराच्या बाजूला असतो. तिथे ४ किंवा ६ नंबरच्या गळावरची, दीड-दोन इंचांची पांढरी बीड-चेन क्लाउझर लागते, मोठीला बघतही नाहीत.

ओढणं आणि लागला की काय करायचं

आता मुद्द्यावर. फ्लाय पडली की मनात मोजा. एक, दोन, तीन, आणि मग ओढायला सुरू करा. काही नाही झालं तर पुढच्या फेकीला पाचपर्यंत, मग सातपर्यंत. गवत लागलं तर एक आकडा कमी करा. मासा लागला की तो आकडा लक्षात ठेवा, त्या जागी त्या वेळी सगळे मासे त्याच थरात असतात. आकडा दहाच्या पुढे जात असेल तर जड फ्लाय लावा, दोनलाच गवत लागत असेल तर हलकी. याच्यासाठीच ती तीन वजनं. ट्राऊटची नजर वरच्या बाजूला चांगली, तो वर येऊन धरतो, खाली जाऊन क्वचित, त्यामुळे शंका असेल तेव्हा थोडं वरच राहू द्या.

रॉडचं टोक पाण्याला टेकवून ठेवा, लाईन उजव्या हाताच्या बोटाखालून, डाव्या हाताने सहा-आठ इंचांचे दोन झटके आणि थांबा. परत दोन, थांबा. थांबलेल्या क्षणी लक्ष ठेवा, बरेचदा फक्त एक हलका टक् लागतो किंवा लाईन जरा जड वाटते. गार पाण्यात थांबा लांबवा, पाणी पन्नास-पंचावन्न फॅरनहाइटला असेल तर अगदी रेंगाळत. पाणी पंचेचाळीसच्या आसपास उतरलं तर मासा खात नाही आणि त्याला त्रास देऊही नये.

टक् लागला की रॉड वर उचलायचा नाही. डाव्या हाताने लाईन तशीच लांब, घट्ट ओढायची, गळ आपोआप बसतो, नाही बसला तर फ्लाय अजून पाण्यातच असते आणि तो परत येतो. मग रॉड सावकाश वाकू द्या. आधी सांगितलं तसं तोंड नाजूक आहे, ड्रॅग हलका ठेवा. हा मासा वर येऊन डोकं जोरजोरात हलवतो, तेव्हा रॉड बाजूला झुकवून दाब कायम ठेवा, ढील दिली की गेला. गर्गलरवर कधी नुसता धडाका होतो आणि मासा चुकतो, तेव्हा हात आवरा आणि एक क्षण थांबून परत ओढा.

सोडायचा असेल तर हात ओले करा, कापडाने धरू नका, अंगावरचा चिकट थर जातो. जाळी रबराची. उन्हाळ्यात पाणी गरम असतं, मासा लवकर दमतो, फोटो झटपट.

पाण्यातली काळजी

पाय उचलून टाकायचे नाहीत, तळाशी घासत सरकवत चालायचं, सगळीकडे पाकट असतात आणि वाळूत दडलेल्या असतात, पाय घासला की निघून जातात, वर पडला की काटा मारतात. काटा लागला तर सहन होईल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. आणि अंगावर उघडी जखम असेल तर गरमीच्या महिन्यांत पाण्यात उतरूच नका, व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात आणि मधुमेह किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांना ते जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे म्हणून हे ठळकपणे सांगतेय. ढग गडगडले की रॉड खाली ठेवून बाहेर, हातात नऊ फुटांची ग्राफाइटची काठी असते.

घरी न्यायचा असेल तर

मांस मऊ असतं, पकडल्याबरोबर बर्फात. साफ करताना कधीकधी मांसात दोऱ्यासारखे पांढरे लांब किडे दिसतात, मोठ्या माशात जास्त, आणि नवीन माणूस सगळा मासा फेकून देतो. ते टेपवर्मचे अर्भक असतात, त्यांचा शेवटचा मुक्काम शार्कच्या पोटात, माणसाला त्यांच्यापासून धोका नाही. टोकाने ओढून काढा आणि नीट शिजवा, बाकी काही नाही. चव सौम्य, ढोम्याच्या जवळ जाणारी. हळद, तिखट, आगळ, मीठ लावून अर्धा तास, रव्यात घोळवून मंद आचेवर. रस्सा करायचा असेल तर तुकडे शेवटी टाका, ढवळू नका, नुसतं भांडं हलवा, नाहीतर सगळा भुगा होतो.

आल्या-आल्या रॉड, रीळ, लाईनचा वापरलेला भाग आणि ओल्या फ्लाय गोड्या पाण्याने धुवा. नळाचा जोरदार फवारा रिळावर मारू नका, मीठ आत ढकललं जातं, हलकी धार पुरे. ओल्या फ्लाय पेटीत कोरड्या फ्लायमध्ये टाकल्या की दोन दिवसांत सगळ्या गळांना गंज, त्या वेगळ्या वाळवा.

मुलं असतील तर लेक जॅक्सनला सी सेंटर टेक्सास आहे, तिथे हॅचरीत स्पेकल्ड ट्राऊट आणि रेडफिशची पिल्लं वाढवून खाड्यांमध्ये सोडतात, मोठे मासे टाकीत जवळून बघता येतात. ट्राऊट वर कसा बघत उभा असतो ते तिथे छान कळतं.

आणि सुट्टीत गावी जाताना ही पेटी सोबत न्यायची असेल तर खुशाल न्या, कोकणात आणि गोव्यात खाडीच्या तोंडाशी जिताडा आणि तांबोशी याच क्लाउझरला येतात, फक्त दोघांसमोर २० पाउंडांचं टिपेट (लीडरचा शेवटचा तुकडा) टिकत नाही, जिताड्याच्या कल्ल्याची कड दोरा कापते आणि तांबोशी लागल्याबरोबर खडकात शिरते, म्हणून शेवटचा दीड फूट ४० पाउंडांचा जोडा आणि गळ १/० चा, जाड तारेचा. फ्लायची पेटी आणि कात्री चेक-इन बॅगेत ठेवा, केबिन बॅगेत नको.